ओजेटीत नुसते जुने फोटो मोजतेय, यातून पुढे काही होणार का?

भांडुपहून टीवायबीए हिस्टरीच्या एका मुलीचं पत्र आलंय. दादरच्या तिच्या कॉलेजच्याच आर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या आणि फोटोंच्या संग्रहात, ओजेटी (ऑन-द-जॉब ट्रेनिंग, डिग्रीतलंच प्रत्यक्ष काम) करतेय, ४ क्रेडिट, १२० तास, त्यातले ५० झाले. लायब्ररीच्या मागच्या खोलीत ११ खोकी भरून जुने फोटो आहेत, गॅदरिंग, एनसीसी, सहली, निरोप समारंभ, आणि तिने मोजले तर साधारण २४०० निघाले. तीन आठवडे झाले तरी लायब्ररीच्या मॅडमनी स्कॅनरला हात लावू दिलेला नाही, नुसतं बघ, मोज, लिहून काढ. मैत्रिणी अंधेरीला डिजिटल मार्केटिंग करतायत आणि त्यांना महिना ५००० स्टायपेंड मिळतो. बाबा म्हणाले, फोटो मोजायला टीवायपर्यंत शिकवलं का तुला. सोबतचा मुलगा म्हणतो सगळे फोटो वर्षाप्रमाणे लावू आणि इन्स्टाला टाकू, मॅडम त्यालाही नाही म्हणतात. तिला विचारायचंय की हा टाइमपास चाललाय का, रेझ्युमेत काय लिहू, आणि पुढे यात नोकरी आहे का.

अगं, तुझ्या मॅडमचं बरोबर आहे आणि तुझं वैतागणंही बरोबर आहे. तीन आठवडे खोकी बघायची आणि का बघायची ते कोणी धड सांगत नाही, कोणाचंही डोकं फिरेल. मॅडमना वेळ नसेल, इश्यू-रिटर्न, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली आणि वर तुम्ही दोघं, त्यामुळे त्यांचं राहून गेलेलं मी सांगते.

आर्काइव्हवाले प्रोसेसिंग म्हणतात ते स्कॅनिंग नव्हे. खोकं दारात आलं तिथपासून ते, उद्या कोणी अनोळखी माणूस येऊन म्हणाला की मला ६८ सालच्या एकांकिकेचे फोटो बघायचेत, तर पाच मिनिटांत ते पाकीट त्याच्यासमोर ठेवता आलं पाहिजे आणि त्या वेळी तू तिथे नसलीस तरी आलं पाहिजे, इथपर्यंतचं सगळं काम म्हणजे प्रोसेसिंग. स्कॅनिंग त्यातला एक तुकडा, तोही शेवटी शेवटी येणारा. हिशोब करून बघ ना, २४०० फोटो, एकेक ठेवायचा, स्कॅन करायचा, फाइलला नाव द्यायचं, ३ मिनिटं धरली तरी ७२०० मिनिटं झाली, म्हणजे बरोबर १२० तास, तुझी अख्खी ओजेटी. आणि ४ बाय ६ इंचाचा एक फोटो ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, रंगीत टिफ फाइलमध्ये घेतला की जवळजवळ २६ एमबी, सगळे मिळून ६० जीबीच्या वर, त्याच्या आणखी दोन कॉपी ठेवायच्या वेगळ्या. एवढं करून हाती काय, तर कोणाचे कधीचे ते माहीत नसलेल्या २४०० फाइली. त्यातही फोटोग्राफरने एकाच बक्षिसाच्या चार-चार प्रिंट दिलेल्या असतात, त्या कशाला स्कॅन करायच्या? आधी निवड, मग स्कॅन.

आता वर्षाप्रमाणे लावायचं ते. हा घोळ मी स्वतः घातलाय म्हणून पोटतिडकीने सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेत होते, नाव नाही सांगत, तिथे एका गृहस्थांचा अल्बम आला होता, पानं सुटलेली, फोटो निखळलेले, आणि मी मोठ्या उत्साहाने ते विषयवार लावले, माणसं एकीकडे, इमारती एकीकडे, देवळं एकीकडे, दिसायला काय सुंदर दिसत होतं. काही महिन्यांनी त्यांची सून आली, म्हणाली सासऱ्यांची जिथे जिथे बदली झाली त्या गावांच्या क्रमाने होता तो अल्बम. मागे काही लिहिलेलं नव्हतं. क्रम हीच एक माहिती होती आणि ती मी पुसून टाकली, परत जुळवता आली नाही.

तुमच्याकडेही तेच आहे बघ. एका पाकिटात ३० फोटो, त्यातल्या एकाच्याच मागे 'जिमखाना डे' लिहिलंय, पण पाकीट एक म्हणून बाकीचे २९ पण बहुतेक त्याच दिवसाचे. पाकीट मोडलं की ते २९ अनाथ. म्हणून फोटो कोणाकडून आले, कुठल्या पाकिटात होते, पाकिटावर काय लिहिलं होतं, हे आधी जसंच्या तसं उतरवायचं, आणि वर्षाप्रमाणे बघायचंच असेल तर एक्सेलमध्ये सॉर्ट कर ना, एक्सेलमध्ये कितीही वेळा सॉर्ट करता येतं, खोक्यात नाही.

आणि हिस्टरीच्या मुलीने या कामाला कंटाळावं हे मला पटत नाही, कारण खरी मजा तारीख काढण्यात आहे. फोटोच्या मागे स्टुडिओचा रबरी शिक्का असतो तो बघ. पत्ता 'दादर, मुंबई २८' असा आहे की '४०० ०२८' असा? पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला, म्हणजे सहा आकडी पिन असेल तर ती प्रिंट नक्की त्यानंतरची. उलटं मात्र धरू नकोस हं, जुना शिक्का झिजेपर्यंत वापरणारे स्टुडिओवाले आपल्याकडे कमी नाहीत, तेव्हा पिन नाही म्हणून फोटो ७२ च्या आधीचा असं होत नाही. मागे रस्त्यात ट्राम दिसतेय? मग ३१ मार्च १९६४ च्या आधीचा, त्या दिवशी मुंबईची शेवटची ट्राम धावली. बॅनरवर 'मुंबई राज्य' असेल तर १ मे १९६० च्या आधीचा. असे दोन-तीन धागे जुळले की लिहायचं 'अंदाजे १९७२ ते ८०' आणि शेजारच्या कॉलममध्ये का ते पण लिहायचं, 'शिक्क्यावर पिनकोड' वगैरे, म्हणजे पुढच्याला तुझं चुकलेलं दुरुस्त करता येईल. फोटोवर मुळात लिहिलेलं जसंच्या तसं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट, आणि तू स्वतः अंदाजाने लिहिलेलं चौकोनी कंसात, हे दोन कधी मिसळू नकोस. चेहरे ओळखायला रिटायर झालेले शिपाईकाका किंवा लॅब असिस्टंट गाठ, प्राचार्यांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं, फक्त मूळ फोटो नेऊ नकोस, मोबाईलवर काढून प्रिंट ने, आणि कोणी कधी सांगितलं ते टिपून ठेव.

हाताळण्याचं थोडं सांगते, बहुतेक मॅडमनी सांगितलंच असेल. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने, फोटो टणक जागेवर पालथा ठेवून. बॉलपेन नको, दाब पुढून उमटतो आणि शाई शेजारच्या फोटोला लागते. कडा धरून उचल, तळहाताचा घाम लागला की डाग काही वर्षांनी वर येतो. ब्लॅक अँड व्हाइट फोटोच्या कडेला पारा चढल्यासारखी निळसर चमक दिसली तर ती घाण नाही, फोटोतलीच चांदी वर आलेली असते, पुसायला जाऊ नकोस. ८०-९० च्या दशकातले ते चिकट पानांचे अल्बम, वर प्लास्टिकचा कागद, ते फोटोंचे वैरी आहेत, पण फोटो निघत नसेल तर ओढू नकोस, अख्ख्या पानाचा फोटो काढून ठेव. फ्रेममधले जुने प्राचार्य काचेला चिकटलेले असतील, मुंबईच्या दमटपणात फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो आणि काचेला धरतो, तेही तसंच राहू दे, तुझं काम नाही ते. निगेटिव्हच्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर मात्र लगेच मॅडमना सांग, ती फिल्म कुजायला लागलेली असते आणि बंद डब्यात शेजारच्यांनाही कुजवते, ती वेगळी ठेवावी लागते. आणि त्या कपाटात डांबराच्या गोळ्या कोणी टाकल्या असतील तर काढायला सांग.

इन्स्टाचं एका वाक्यात होत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचा कॉपीराइट फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्यानंतर ६० वर्षं असतो. कॉलेजने पैसे देऊन काढून घेतलेले फोटो, वेगळा करार नसेल तर, सहसा कॉलेजच्या मालकीचे, पण माजी विद्यार्थ्याने भेट दिलेले तसे नाहीत, म्हणून कोणाकडून आले ते आधी माहीत पाहिजे, परत तेच. आणि कायदा सोड, ९५ सालच्या साडी डेच्या फोटोतली मुलगी आज कोणाची तरी आई आहे, तिला विचारलंय का? मॅडमनी परवानगी दिली तर पाच-सहा निवडक फोटो टाका, ते पण नीट कॅप्शन लिहून.

आता बाबांचा प्रश्न. पैशाच्या बाबतीत ते बरोबर आहेत, मी गोड बोलणार नाही. नुसत्या 'आर्किव्हिस्ट' नावाच्या नोकऱ्या मुंबईत कमी आहेत. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य सरकारचं पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचं आर्काइव्ह, आहे, झेवियर्समध्ये १९२६ पासूनची इतिहास संशोधनाची हेरास इन्स्टिट्यूट, कुलाब्याला टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेचं आर्काइव्ह, विक्रोळीला गोदरेजचं, शिवाय म्युझियम, पण यातल्या कुठेही दर वर्षी भरती निघते असं धरून चालू नकोस, बरंचसं काम प्रोजेक्टवर, वर्ष-दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर असतं. म्हणून माझं मत असं की हिस्टरीत एमए करून वाट बघत बसण्यापेक्षा आधी लायब्ररी सायन्स कर. मुंबई विद्यापीठात आहे, चर्चगेटला एसएनडीटीत आहे, एक वर्षाची पदवी, मग मास्टर्स आणि नेट किंवा सेट परीक्षा झाली की कॉलेज लायब्रेरियनच्या पोस्टला अर्ज करता येतो, आणि आर्काइव्हचा दरवाजाही उघडा राहतो. फोटोंच्या जपणुकीतच जीव रमला तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात म्युझियॉलॉजी (संग्रहालयशास्त्र) आणि कॉन्झर्वेशनचा पीजी डिप्लोमा आहे. दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागाराचा आर्काइव्हजचा एक वर्षाचा डिप्लोमाही आहे, पण तो एमएनंतरचा विचार.

बाबांना हेही सांग की ज्या अंधेरीच्या ऑफिसांत तुझ्या मैत्रिणी बसतात ना, तिथेही हजारो फोटो आणि व्हिडिओ पडलेले असतात, 'फायनल', 'फायनल २', 'फायनल खरंच' अशा नावांनी, आणि हवी ती फाइल कोणाला सापडत नाही. जाहिरात एजन्सी, वर्तमानपत्रांच्या फोटो लायब्ऱ्या, चॅनेलवाले, यांना वस्तू सापडेल अशी लावून ठेवणारी माणसं लागतात. पदाचं नाव वेगळं असेल, काम तेच. आणि स्टायपेंड नाही तर निदान भांडुप-दादरचा पास तरी कॉलेजने द्यावा, मागून बघ, लाजू नकोस.

रेझ्युमेचं म्हणशील तर तुझ्याकडे अजून ७० तास आहेत, त्यात ११ खोक्यांच्या मागे धावू नकोस. मॅडमना जाऊन सांग, मला एक खोकं द्या, ते मी पूर्ण करून दाखवते. नंबर, पाकिटं, यादी, आणि शेवटी दोन पानांची फाइंडिंग एड, म्हणजे या खोक्यात काय आहे, कोणाकडून आलं, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, कसं लावलंय, काय गाळलं आणि का, काय बघायला परवानगी लागेल. खाली तयार करणारी म्हणून तुझं नाव आणि तारीख, हे आग्रहाने घाल. मग रेझ्युमेत 'जुन्या फोटोंचं डिजिटायझेशन' असं मोघम लिहायचं नाही, लिहायचं की ११ खोक्यांचा, सुमारे २४०० फोटोंचा सर्व्हे केला, त्यातल्या एका खोक्याचं वर्णन आणि फाइंडिंग एड तयार केली, आणि त्याची पीडीएफ जोडायची. इंटरव्ह्यूला कोणी विचारलं की काय केलंस, तर त्या पिनकोडची गोष्ट सांग.

जाता जाता, तू लिहिलंयस की चार खोकी खाली फरशीवर आहेत आणि खोली तळमजल्याला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला होता, तेव्हा तू तान्ही असशील, पण मॅडमना आठवत असेल. त्यांना सांग, मे संपायच्या आत ती चारही खोकी निदान अर्धा फूट वर उचलून घ्या, फळीवर, टेबलावर, कशावरही.