३० प्रवेश, २१ पास: टक्का कशावर काढायचा?

ताई, तुमच्या तीन महिन्यांच्या शिवणवर्गात ३० मुलींनी प्रवेश घेतला, ४ जणी पहिल्याच आठवड्यात पूर्ण फी परत घेऊन गेल्या, १८ वेळेत पास झाल्या आणि ३ महिनाभराने फेरपरीक्षेत. कोर्स पुरा करणाऱ्यांचा टक्का ६० लिहायचा की ८१, असं विचारलंय.

गणित दोन्हींचं बरोबर आहे, म्हणून तर ऑफिसात भांडणं होतात. १८ भागिले ३० म्हणजे ६०. २१ भागिले २६ म्हणजे जवळपास ८१. भाजकात कोण धरायचं आणि मुदत किती, हे बॅच सुरू होण्याआधीच कागदावर लिहून ठेवा. निकालानंतर ठरवलं की हात आपसूक मोठ्या आकड्याकडे जातो.

मी नागपुरात हिंगणा रोडकडे एका प्रशिक्षण केंद्रात कारकुनी केली. एका मार्चअखेरीस आम्ही चक्क ११२ टक्के लिहून पाठवले! वर्षभरात प्रवेश ५०, पास ५६. झालं काय, आदल्या फेब्रुवारीतल्या बॅचचे प्रवेश जुन्या वर्षात मोजले गेले आणि त्यांचा निकाल लागला मे महिन्यात, म्हणजे नव्या वर्षात. छोट्या कोर्समध्ये एखादी तरी बॅच ३१ मार्चवर लोंबकळतेच. म्हणून टक्का बॅचनिहाय काढा: हजेरीपटावरची नावं भाजकात, त्याच नावांतले पास अंशात. वार्षिक आकडा मागितलाच, तर ३१ मार्चला शिकत असलेल्यांना वजा करा, पुढच्या वर्षी धरा.

अमेरिकेत ३०० ते ६०० तासांच्या कोर्सला सरकारी विद्यार्थी कर्ज हवं असेल तर जवळपास असाच हिशेब द्यावा लागतो. पूर्ण फी परत घेतलेले आणि वर्षाअखेर शिकत असलेले वजा, दीडपट मुदतीत पुरा केलेले अंशात, उत्तर किमान ७० टक्के. नोकरी लागलेल्यांचा टक्का वेगळा, तोही ७०. तुमच्या कोर्सची दीडपट मुदत साडेचार महिने, म्हणजे त्या तिघी आत बसतात. मी ८१ लिहीन, खाली भाजकाचा खुलासा देऊन. मात्र बॅच अनुदानाची असेल तर त्या योजनेचीच व्याख्या चालवा.

उरलेल्या ५ जणींपुढे कारणाचा रकाना ठेवा. आमच्याकडे वेल्डिंगचा एक पोरगा बुटीबोरीत काम लागलं म्हणून मध्येच गेला, आणि अहवालात तो गळतीतच मोजला गेला.