६ पीएसआयचं सुपरचार्जर किट लावलं तर स्विफ्टची ताकद खरोखर किती वाढेल?

तुमच्या इंदुरातल्या ट्यूनरने सांगितलंय की इंजिनात दाबाने जास्त हवा कोंबणारं ६ पीएसआयचं (पीएसआय हे दाबाचं एकक) किट बसवलं की ९० पीएसच्या (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) स्विफ्टचे थेट १२६ होतील, आणि ते खरं मानावं का, असं तुम्ही विचारताय. नका मानू. मी इंदूरजवळच्या पिथमपूरला इंजिन टेस्टिंगमध्ये आहे, रोज हेच आकडे समोर असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्यांचा हिशेब असा: समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय, त्यात ६ मिळवले की २०.७. भागाकार १.४१, म्हणजे ४१ टक्के वाढ. पण सिलिंडरमध्ये हवा किती वजनाची शिरली यावर ताकद ठरते, नुसत्या दाबावर नाही. हवा दाबली की तापते, आणि तापली की विरळ होते. मे महिन्यातल्या ४० अंशांच्या दुपारी रूट्स प्रकारचा ब्लोअर (दोन फिरत्या रोटरनी हवा ढकलणारा सुपरचार्जर) इतका दाब देतो तेव्हा हवा ९५ अंशांच्या आसपास बाहेर पडते, कारण अशा ब्लोअरची कार्यक्षमता ५५-६० टक्केच असते. ४१ टक्क्यांतले २० उरले. इंटरकूलरने तीच हवा ६० अंशांवर आणली तर ३२ टक्क्यांपर्यंत जाता येतं. तेव्हा किमतीची घासाघीस करण्याआधी किटमध्ये इंटरकूलर आहे का ते विचारा. नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट इंदूरची उंची. आपण साधारण ५५० मीटरवर आहोत, इथे दाब १३.८ पीएसआयच्या जवळपास. तुमच्या गाडीचे ९० इथे आधीच ८५ च्या घरात आलेले असतात. ब्लोअर पट्ट्यावर फिरतो आणि ठरावीक पटीनेच हवा ढकलतो, त्यामुळे इथे गेजवर ६ ऐवजी साडेपाचच्या वर थोडंसंच दिसेल. त्यावर कुणी ‘पट्टा घसरतोय, ब्लोअरची पुली लहान करू’ म्हणालं तर हात जोडा. पुली लहान केली की ब्लोअर जास्त फिरेल, हवा आणखी तापेल.

आता ८५ गुणिले १.३२ म्हणजे ११२. ब्लोअर फिरवायलाच सहाएक पीएस खर्च होतात, राहिले १०६. आणि खरी अडचण इथून पुढे आहे. तुमच्या इंजिनाचं कंप्रेशन १२:१ आहे, म्हणजे सिलिंडरमधली हवा बाराव्या हिश्श्यात दाबली जाते. साध्या पेट्रोलवर त्यात दाबलेली गरम हवा घातली की नॉकिंग होणार (इंधन आपोआप पेटून ठोके बसणार), ते टाळायला इग्निशन टायमिंग मागे घ्यावं, म्हणजे ठिणगी उशिरा पाडावी लागणार आणि त्यात आणखी काही पीएस जाणार. मिनी कूपरचं २००२ सालचं सुपरचार्ज्ड एस मॉडेल बघा. ११५ वरून १६३ एचपी काढताना कंपनीने कंप्रेशन १०.६ वरून ८.३ वर आणलं होतं. बोल्ट लावून बसवायच्या किटमध्ये पिस्टन बदलत नाहीत.

माझा अंदाज १०० ते १०५ पीएस, तोही इंटरकूलर, मोठे इंजेक्टर आणि नीट केलेलं ईसीयूचं (इंजिनाच्या संगणकाचं) मॅपिंग धरून. निसानने युरोपातल्या १.२ लिटरच्या मायक्रात स्वतः सुपरचार्जर बसवला तेव्हा ८० चे ९८ झाले होते, म्हणजे साडेबावीस टक्के. कारखान्यातून एवढं निघत असेल तर गॅरेजमधून ४० टक्के कसे निघतील?

तरी करायचंच असेल तर डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद मागा, पण पहिल्या रनचा नको. पहिल्या रनला बॉनेट उघडं असतं, समोर मोठा पंखा असतो, इंजिन थंड असतं. पाठोपाठ तीन रन करायला लावा आणि तिसऱ्याचा आकडा धरा. तोवर इनटेकचं तापमान कसं चढतं आणि आकडा कसा खाली येतो ते स्क्रीनवर तुम्हालाच दिसेल. किट बसवण्याआधीचं मोजमापही त्याच डायनोवर, शक्यतो तशाच हवामानात हवं. आकडा चाकांवरचा आहे की क्रँकवरचा (थेट इंजिनाच्या दांड्यावरचा), तेही लिहून घ्या. दोन्हींत १५ टक्क्यांच्या आसपास फरक पडतो आणि वाढ फुगवायला तेवढा पुरतो.

आणि पैसे देण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा. नोंदणीत लिहिलेल्या गाडीपेक्षा वेगळी गाडी करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, आणि अपघातानंतर क्लेम नाकारायला हे कारण पुढे येऊ शकतं.