कोन दुप्पट असला म्हणून समोरची बाजू दुप्पट होत नाही

आपण दिलेली दोन उदाहरणे थोडक्यात अशी आहेत. पहिल्या उदाहरणात ३०°-६०°-९०° मापांच्या त्रिकोणात ६०° च्या कोनासमोरील बाजू ९ सेंमी आहे आणि आपण ३०° समोरील बाजू ४.५ सेंमी व कर्ण १३.५ सेंमी काढला आहे. दुसऱ्या उदाहरणात ४५°-४५°-९०° मापांच्या त्रिकोणाचा कर्ण १० सेंमी असून काटकोन करणाऱ्या दोन्ही बाजू आपण प्रत्येकी ५ सेंमी धरल्या आहेत. सूत्रे पाठ असूनही उत्तरे का जुळत नाहीत, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते येथे दोन वेगळ्या चुका झालेल्या नसून एकच चूक दोनदा झाली आहे: कोन ज्या प्रमाणात आहेत त्याच प्रमाणात त्यांच्या समोरील बाजूही असणार, हे आपण नकळत गृहीत धरले आहे.

त्रिकोणात मोठ्या कोनासमोरील बाजू मोठी असते, एवढे निश्चितपणे खरे आहे. परंतु किती मोठी, हे कोनांच्या गुणोत्तरावरून ठरत नाही. आपलेच आकडे पाहा. ४.५ आणि ९ यांची बेरीज १३.५ येते, म्हणजे दोन बाजूंची बेरीज तिसऱ्या बाजूइतकीच भरते, आणि कोणत्याही त्रिकोणात ही बेरीज तिसऱ्या बाजूपेक्षा जास्तच असावी लागते. या मापांच्या तीन काड्या जोडायला घेतल्या तर त्या एकाच रेषेत आडव्या पडतील, त्रिकोण होणारच नाही. दुसऱ्या उदाहरणातही ५ आणि ५ मिळून बरोबर १० होतात, आणि हा योगायोग नाही. काटकोन त्रिकोणातील दोन लघुकोनांची बेरीज ९०° असल्यामुळे, बाजू कोनांच्या प्रमाणात धरल्या की त्या दोन बाजूंची बेरीज प्रत्येक वेळी कर्णाइतकीच येणार. त्यामुळे ही चूक एकदा ओळखता आली, की केवळ तोंडी बेरीज करून ती पकडता येते.

आता खरी गुणोत्तरे कोठून येतात ते पाहू, कारण आकृती डोळ्यांसमोर असेल तर सूत्र विसरले तरी अडत नाही. ज्याची प्रत्येक बाजू २ एकक आहे असा समभुज त्रिकोण घ्या आणि एका शिरोबिंदूतून समोरील बाजूवर लंब टाका. हा लंब त्या शिरोबिंदूच्या ६०° च्या कोनाचे ३०° चे दोन समान भाग करतो आणि पायाचेही १ एककाचे दोन समान भाग करतो. मिळालेल्या अर्ध्या त्रिकोणात कर्ण २, ३०° समोरील बाजू १, आणि पायथागोरसच्या प्रमेयानुसार लंबाची लांबी √(४ − १) म्हणजे √३ येते. म्हणून बाजूंचे गुणोत्तर १ : √३ : २ आहे. (कंपासपेटीत ३०° आणि ६०° चे कोन असलेला जो गुण्या असतो तो हाच अर्धा समभुज त्रिकोण होय, तसाच दुसरा गुण्या त्याच्या ६०° समोरील बाजूला उलटा जोडून ठेवला की समभुज त्रिकोण पूर्ण होतो.) १ एकक बाजूचा चौरस कर्णावर दुभागला की दुसरा त्रिकोण मिळतो, आणि त्याच्या बाजूंचे गुणोत्तर १ : १ : √२ असते.

√३ कोणत्या बाजूला लावायचे आणि २ कोणत्या बाजूला, असा गोंधळ अनेकांचा होतो. त्यावर पाठांतराची गरज नाही. √३ ची किंमत सुमारे १.७३२ आहे, म्हणजे ती १ आणि २ यांच्या मध्ये येते. म्हणून √३ मधल्या कोनासमोर, म्हणजे ६०° समोर, आणि २ सर्वांत मोठ्या कोनासमोर, म्हणजे काटकोनासमोर. कर्ण नेहमीच सर्वांत मोठा असल्याने यात फेरफारास वाव राहत नाही.

प्रत्यक्ष गणित करताना मी एकच शिस्त सुचवेन: दिलेली बाजू कोणतीही असो, ३०°-६०°-९०° त्रिकोणात आधी सर्वांत लहान बाजू काढावी आणि मगच दुसरीकडे जावे. सहा वेगवेगळी सूत्रे लक्षात ठेवणारे विद्यार्थीच गुणावे की भागावे या पेचात सापडतात. आपल्या उदाहरणात लहान बाजू क्ष मानली तर ६०° समोरील बाजू √३ क्ष होते. म्हणून √३ क्ष = ९, म्हणजेच क्ष = ९/√३. येथे बरेच जण थांबतात किंवा घाईने दशांश अपूर्णांकात जातात. त्यापेक्षा छेदाचे परिमेयीकरण करावे: अंश आणि छेद या दोहोंना √३ ने गुणल्यास ९√३/३, म्हणजे ३√३ मिळते. कर्ण त्याच्या दुप्पट, म्हणजे ६√३. पडताळा घेतला तर लहान बाजूचा वर्ग २७, दिलेल्या बाजूचा वर्ग ८१, त्यांची बेरीज १०८, आणि ६√३ चा वर्गही ३६ × ३ = १०८. दशांशात ही उत्तरे अंदाजे ५.१९६ सेंमी आणि १०.३९२ सेंमी आहेत. मात्र उत्तर करणीरूपातच, म्हणजे √३ तसेच ठेवून, लिहिल्याने पडताळा असा नेमका जुळतो.

दुसरे उदाहरण सोपे आहे. कर्ण बाजूच्या √२ पट असल्यामुळे बाजू = १०/√२ = ५√२, म्हणजे सुमारे ७.०७१ सेंमी. दोन्ही बाजूंचे वर्ग ५० आणि ५०, बेरीज १००.

एक सावधगिरी येथेच सांगतो. ३, ४, ५ बाजूंचा त्रिकोण काटकोन त्रिकोण असला तरी त्याचे लघुकोन ३०° आणि ६०° नाहीत. ते सुमारे ३६.८७° आणि ५३.१३° आहेत. √३ अपरिमेय असल्यामुळे ३०°-६०°-९०° त्रिकोणाच्या तिन्ही बाजू एकाच वेळी पूर्णांक असूच शकत नाहीत, त्यामुळे तिन्ही उत्तरे पूर्णांक आली तर कोठेतरी गफलत झाली आहे असे खुशाल समजावे. उलटपक्षी, कोन दिलेले नसताना काटकोन त्रिकोणाची एक बाजू कर्णाच्या निम्मी दिसली, तर तिच्यासमोरील कोन ३०° चाच असतो.

हे दोन्ही त्रिकोण एकत्र येतात अशी उदाहरणे परीक्षेत अधिक विचारली जातात, म्हणून एक सोडवून दाखवतो. त्रिकोण अबक मध्ये कोन ब ४५°, कोन क ६०° आणि अब = ६√२ सेंमी असल्यास बक काढायची आहे. हा काटकोन त्रिकोण नाही, पण अ पासून बक वर अड हा लंब टाकला की दोन विशेष त्रिकोण तयार होतात. त्रिकोण अबड मध्ये कर्ण ६√२ असल्याने अड = बड = ६. हीच अड त्रिकोण अडक मध्ये ६०° समोरील बाजू आहे, म्हणून डक = ६/√३ = २√३. त्यामुळे बक = ६ + २√३, म्हणजे सुमारे ९.४६४ सेंमी. लंब अ पासूनच टाकावा हे महत्त्वाचे आहे. तो ब पासून किंवा क पासून टाकल्यास ४५° किंवा ६०° चा कोन दोन असमान भागांत विभागला जातो आणि एका भागात १५° चा कोन शिल्लक राहतो. कोन क ६०° ऐवजी ५०° दिला असता, तर अड = ६ येथपर्यंत रीत हीच राहिली असती, परंतु डक काढण्यासाठी या गुणोत्तरांचा उपयोग झाला नसता आणि ५०° च्या स्पर्शक गुणोत्तराची (tan, म्हणजे कोनासमोरील बाजू भागिले लगतची बाजू) किंमत कोष्टकातून घ्यावी लागली असती.