पेटी गोदावरीत, मार ताईला

प्रश्न : आठवीत असताना रागाच्या भरात मी ताईची जलरंगांची पेटी गोदावरीत फेकली. तिची इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा तोंडावर होती. ‘निष्काळजी’ म्हणून अण्णांनी तिलाच झोडपलं, मी गप्प बसलो. तिनं पुन्हा ब्रश धरला नाही. निवृत्तीनंतर मी जलरंग शिकलोय. रामकुंडाचं चित्र करून भाऊबीजेला तिला द्यावं का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : द्या की, पण खरं सांगण्याआधी नको. आणि भाऊबीजेला तर मुळीच नको. भरल्या घरात, ओवाळणीच्या ताटासमोर ती बिचारी ‘जाऊ दे रे’ याशिवाय काय म्हणणार? एखाद्या दुपारी एकटी असताना गाठा. पेटी कुठे गेली, मार कुणामुळे बसला, सरळ सांगा. ‘लहान होतो’ हे शेपूट जोडू नका. चिडली तर चिडू द्या, तेवढा हक्क तिचा.

रामकुंड तुम्ही निवडलंत. तिला विचारलंत? कदाचित तिला गोदापात्रातला दुतोंड्या मारुती हवा असेल, ज्याच्या कुठवर पाणी चढलं यावरून आपण नाशिककर पूर जोखतो. कदाचित नदीच नको असेल. विचारूनच बसा. कागद जाड, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या, हलका पाण्यानं फुगतो. पायऱ्यांवरच्या उन्हासाठी कागद कोरा राखा. मागाहून थापलेला पांढरा रंग मातकट दिसतो. फ्रेम काचेची, आणि ऊन येणारी भिंत टाळा.

सोबत एक नवी पेटीही न्या. ती उघडली का, हे मात्र विचारत बसू नका.