जनावरांना सुखात ठेवलं तर शेतीची कार्यक्षमता वाढते की घटते?

तुम्ही विचारलंय की जनावरांच्या सोयीवर केलेला खर्च उत्पादनातून भरून निघतो, की ती निव्वळ दया असते. मी बरीच वर्षं दुभती जनावरं सांभाळली आहेत, म्हणून आधी गोठ्यातलं सांगते.

गाय घाबरलेली असली की पान्हा चोरते. कास तट्ट भरलेली असते, पण सडाला हात लागताच तिची कातडी थरथरते, मागचा पाय उचलला जातो, चार धारा येतात आणि संपलं. पान्हा सुटतो तो ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे, आणि भीतीने स्रवणारं अ‍ॅड्रेनालिन त्याचं काम अडवतं. दूध कासेतच राहतं. असं रोज राहू लागलं की कास दूध बनवणंच कमी करते. आमच्याकडे धार काढणारा एकजण सतत ओरडायचा, काठी आपटायचा. तो गेला आणि शांत हाताची बाई आली. चारा तोच, गायी त्याच, पण बादली पहिल्यापेक्षा भरू लागली.

दुसरी गोष्ट बसण्याची. मोकळीक मिळाली तर गाय दिवसातले १२ ते १४ तास बसून काढते. एक लिटर दूध तयार व्हायला कासेतून सुमारे ४०० ते ५०० लिटर रक्त फिरावं लागतं आणि ती बसलेली असताना हा प्रवाह वाढतो. जमीन टणक किंवा ओली असेल तर ती उभीच राहते. मग खुरं दुखतात, ती लंगडते, गव्हाणीपर्यंत जायचा कंटाळा करते, माजावर, म्हणजे गाभण राहायच्या वेळेला, आलेलीही नीट कळत नाही आणि पुढचं वेत, म्हणजे पुढचं बाळंतपण, लांबतं. तुमच्या गोठ्यात एक करून बघा: जिथे गाय बसते तिथे उभ्याने धपकन गुडघ्यांवर बसा. गुडघे दुखले किंवा कपडे ओले झाले, तर तीही तिथे सुखाने बसत नाही. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा कळवळले होते आणि त्याच आठवड्यात जाड अंथरूण घातलं.

पाणी आणि सावलीचंही तसंच. दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे तहानलेल्या जनावराकडून दूध मागण्यात अर्थ नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालतात. सगळीकडे तसं नाही, आणि हे लपवलं तर तुमची फसवणूक होईल. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांचं बघा. एका पिंजऱ्यात आणखी एक कोंबडी कोंबली की प्रत्येकीची अंडी थोडी घटतात, पण शेडमधली एकूण अंडी वाढतात. हालचाल कमी असल्यामुळे अंड्यामागे खाद्यही कमी लागतं. म्हणजे एकूण अंड्यांना कोंबड्यांच्या संख्येने भागलं तर तोटा, जागेने भागलं तर फायदा. कोणी ‘कार्यक्षम’ म्हणालं की मी आधी विचारते, कशामागे?

मांसासाठी झपाट्याने वाढवलेल्या कोंबडीचं आणखी वाईट. शरीराचं वजन पायांना पेलत नाही, पण सहा-सात आठवड्यांतच ती विकली जाते. तिचं लंगडणं मालकाच्या वहीत नुकसान म्हणून उतरेपर्यंत ती उरतच नाही. गायीचं उलट आहे. पहिल्या वेतापर्यंत साधारण दोन वर्षं नुसता खर्च असतो, म्हणून ती जितकी वेतं निरोगी राहील तितका तो भरून निघतो. माझ्या मते खरा फरक इथेच पडतो: जनावर जास्त जगणार असेल आणि प्रत्येकाची वेगळी नोंद असेल, तर काळजी स्वतःचे पैसे स्वतः काढते. आयुष्य लहान आणि एकेका जिवाची किंमत नगण्य असेल, तर काढत नाही.

तिथे हिशेबाच्या बळावर जनावराची बाजू मांडता येत नाही, आणि मांडूही नये असं मला मनापासून वाटतं. नाहीतर तोट्याचा आकडा दिसला की दुखणंही खोटं ठरतं. युरोपीय संघाने १९९९ मध्ये नियम करून २०१२ पासून कोंबड्यांचे जुने अरुंद पिंजरे बंद केले. त्याने अंडी स्वस्त होणार नव्हती. खर्च वाढणार हे धरूनच, कोंबडीला उंच जागी बसता यावं, आडोशाला अंडं घालता यावं, एवढ्यासाठी ते केलं.