पानामागे दान आणि मुलाच्या नावचा विमा

एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा नऊ वर्षांचा. शाळेत महिनाभर वाचनाचा उपक्रम चालू आहे. मूल जितकी पानं वाचेल त्या हिशेबानं घरच्यांनी पैसे द्यायचे, आणि जमलेली रक्कम डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या दुर्मीळ आजारावरच्या संशोधनाला जायची. वर्गातल्याच एका मुलाला हा आजार आहे. वडिलांनी भरात येऊन दोन शब्द देऊन टाकले. पानामागे ठरावीक रक्कम हा एक, आणि ‘अख्खा वर्ग जमवेल तेवढेच मी वर घालीन’ हा दुसरा. आता विचारतायत, एफडी मोडू की पॉलिसीवर कर्ज काढू?

आणि पत्र संपता संपता एक ओळ: ‘मुलाच्या नावानं विमा योजना आहे, वर्षाला १२ टक्के सुटतात असं एजंट म्हणाले, पण हप्ता जड जातो.’

तुमचे खरे आकडे झाकून ठेवतो. महिन्याचा पगार १०० धरू. घरखर्च ७५, या योजनेचा हप्ता २०, हातात उरतात ५. एफडीत १५०. कमावणारे तुम्ही एकटे.

विचारलेल्याचं उत्तर आधी. कर्ज नको, आणि एफडीही मोडायची नाही. ती जेमतेम दोन महिन्यांचा खर्च आहे. तुमच्याच अंदाजानं वर्गाची रक्कम १५० च्या घरात जाईल, म्हणजे दोन महिन्यांची सगळी शिदोरी एका वाक्यात गेली. उद्या वर्गशिक्षकांना भेटा आणि सांगा, माझी भर १० पर्यंतच. अवघडल्यासारखं होईल, पण पाच मिनिटंच.

मुलाला दिलेला शब्द मात्र पाळा. १०० पानांना १ असा दर ठरवलात तेव्हा तो रोज २० पानं वाचेल, महिन्याचे ६ होतील असं धरलं होतंत. त्यानं २० दिवसांत २,३०० पानं केली! अशीच चाल राहिली तर महिनाअखेर ३,५०० च्या आसपास, म्हणजे ३५. वरची मर्यादा न ठेवता शब्द दिला की असंच होतं. माझ्या भाचीनं असल्याच उपक्रमात चित्रांची, मोठ्या टायपाची पुस्तकं शोधून काढली होती, आणि कोरी पानंही धरली. का, तर त्यांचाही क्रमांक असतो! ३५ एकदम देऊ नका. उरणाऱ्या ५ मधून सात महिने द्या, शाळेला तसं आधी सांगून. वरचे १० त्यापुढचे दोन महिने.

आता न विचारलेलं. योजनेचे कागद तुम्ही सोबत जोडलेत ते बरं केलंत. दरमहा २० प्रमाणे दहा वर्षं भरायचे, म्हणजे २,४००. पंधराव्या वर्षाअखेर मिळणार ३,६००. एजंटनं सांगितलं, दीडपट होतात. होतात की! पण कितीनं? पहिला हप्ता पंधरा वर्षं अडकतो, शेवटचा पाच, सरासरी धरा दहा. दहा वर्षांत दीडपट म्हणजे वर्षाला चार टक्क्यांच्या आसपास. १२ टक्के त्या कागदांत कुठेही लिहिलेले नाहीत. ते फक्त एजंटच्या तोंडात होते.

याहून वाईट गोष्ट पहिल्याच पानावर आहे. विमा कुणाच्या आयुष्याचा? मुलाच्या. नऊ वर्षांच्या पोराच्या कमाईवर घर चालतं का? उद्या तुम्हालाच काही झालं, तर घराला मिळणार ती १५० ची एफडी. या योजनेत तुमच्या पश्चात हप्ता माफ होण्याचं कलमही मला दिसलं नाही, म्हणजे हप्ता भरायचा बोजा मागं राहणार. तुमच्या नावावर एक कवडीचा विमा नाही, आणि पगाराचा पाचवा हिस्सा विम्याच्या नावाखाली जातोय. एजंट शाळेतलेच एक पालक, म्हणून बंद करायला संकोच वाटतो म्हणता. त्यांना कमिशन घेताना वाटला का?

घाईनं बंद मात्र करू नका. आधी स्वतःचा साधा टर्म विमा घ्या (मुदतीत तुमचं काही बरंवाईट झालं तरच घराला पैसे देणारा), दहा वर्षांच्या पगाराइतका, म्हणजे १२,००० चा. तब्येत ठीक असेल, तंबाखू नसेल, तर त्याचा हप्ता २० च्या फार खाली बसतो. ती पॉलिसी हातात पडली की जुन्या कंपनीकडून लेखी मागा: आज बंद केली तर किती परत, आणि पेड-अप ठेवली, म्हणजे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवली, तर शेवटी किती. दोन वर्षांत भरलेले ४८० आता विसरा. ते वाचवायला आणखी १,९२० घालायचे का, एवढंच ठरवायचंय.

आणखी एक. ‘या पैशातून दोन-तीन वर्षांत औषध निघेल,’ असं तुम्ही मुलाला सांगितलंय. नका सांगू. साधारण ५,००० मुलग्यांमागे एकाला होणारा हा आजार. त्यात शरीरात डिस्ट्रोफिन हे प्रथिन तयार होत नाही, हे १९८७ मध्ये कळलं. जनुकातल्या बिघाडाला वळसा घालणारं अमेरिकेतलं पहिलं औषध, एटेप्लिर्सन, मंजूर झालं २०१६ मध्ये, तेही त्वरित मंजुरीच्या वाटेनं, म्हणजे फायद्याचा पक्का पुरावा यायच्या आधीच, आणि लागू पडण्याजोगं १०० पैकी साधारण १३ रुग्णांनाच. कारण बिघाड प्रत्येकाच्या जनुकात वेगळ्या जागी असतो. म्हणून कुणाचा कुठे आहे याची रुग्ण-नोंदवही ठेवावी लागते. ती नसेल तर चाचणीसाठी योग्य मुलं सापडत नाहीत. शाळांच्या थोड्या पैशांत असली कामं होऊ शकतात. तुमचा पैसा नेमका कशाला जाणार, कोणत्या नोंदणीकृत संस्थेकडे, पावती कुणाच्या नावे, हे त्याच भेटीत विचारून घ्या.

कंपनीचे दोन आकडे आले की पुन्हा लिहा. आणि कोऱ्या पानांचं मुलानं काय ठरवलं, तेही कळवा.