देव इतकं प्रेम करतो, तर माणूस ते का नाकारतो?

फुकट मिळालेलं प्रेम आपल्याला पचत नाही, म्हणून. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातला, बापाची संपत्ती उडवून घरी परतलेला उधळ्या पुत्र सगळ्यांना आठवतो. मला त्याचा थोरला भाऊ जास्त ओळखीचा वाटतो. धाकटा परतला म्हणून घरात गाणं-बजावणं चालू, आणि हा बाहेर फुरंगटून उभा. इतकी वर्षं राबलो, मला साधं करडूही दिलं नाही, हा त्याचा हिशेब. बाप स्वतः बाहेर येऊन समजूत घालतो. थोरला आत गेला का, हे गोष्टीत सांगितलेलंच नाही.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचंही तसंच. येशू पाय धुवायला आला तर हा ठाम नाही म्हणतो (योहान १३:८). वरवर नम्रता, आतून मात्र, मला वाटतं, घेणाऱ्याच्या जागी बसायची लाज. पुढच्याच वचनात तो हात आणि डोकंही धुवा म्हणतो, हे मला फार आवडतं.